येस सर, नो प्रॉब्लेम

इंग्रजी येत नाही म्हणून आपण धंद्यात मागे पडलो, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरही 'बिझनेस इंग्लिश'च्या क्लासची पाटी दिसते. पाटीवर टाय लावलेला एक गोरा गृहस्थ कुणाशी तरी हस्तांदोलन करत असतो. समोरच्या माणसाचा हात तेवढा दिसतो, बाकीचा माणूस पाटीच्या बाहेर कापला गेलेला असतो. तो आपण, असं समजून फी भरायची. या क्लासांचा मूळपुरुष शोधायचा तर १९३० सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी चार्ल्स ऑग्डन नावाच्या इंग्रज पंडिताने 'बेसिक इंग्लिश' नावाची एक आटोपशीर इंग्रजी जगापुढे मांडली. शब्द फक्त ८५० आणि क्रियापदं अवघी १८. नावातली अक्षरं ब्रिटिश, अमेरिकन, सायंटिफिक, इंटरनॅशनल आणि कमर्शियल या शब्दांची, म्हणजे व्यापार बारशालाच हजर. पण त्या १८ क्रियापदांत 'विकणं' नाही आणि 'विकत घेणं'ही नाही. देणं आहे, ठेवणं आहे, पाठवणं आहे आणि 'वाटणं'सुद्धा आहे. माल पाठवला आणि पैसे मिळतील असं वाटलं, एवढं सांगायची सोय ऑग्डनसाहेबांनी चोख करून ठेवली होती.

माझं म्हणणं असं आहे की व्यापारातले मोठे गैरसमज भाषा न आल्याने होत नाहीत, ते भाषा आल्याने होतात. भाषा येत नसली की माणूस सावध असतो. तो बोट दाखवतो, नमुना मागतो, माल हुंगून बघतो, कागदावर आकडा लिहून घेतो आणि तरीही दोनदा विचारतो. दोघांनाही भाषा येते असं ठरलं की विचारणं संपतं. मग आपण जसं विकत घेतो तसंच जग विकत घेतं, आपल्याला जे महाग तेच सगळ्यांना महाग, हे गृहीत धरून सौदा पुढे सरकतो. घोळ असतो सवयींचा. बिझनेस इंग्लिश त्याच्यावर झाकण ठेवते आणि झाकणावर 'येस सर, नो प्रॉब्लेम' असं लिहिते. आपल्या 'बघतो'चा या बाबतीत हात कुणी धरणार नाही हे खरं. पण 'बघतो' ऐकून जहाज भरायला कुणी घेत नाही. 'येस'वर घेतात.

पुरावा म्हणून १८६४ सालचा एक खटला घ्या. इंग्लंडमधला हा खटला वकिलीच्या विद्यार्थ्यांना जगभर आजही शिकवतात आणि त्यातला कापूस आपल्या मुंबईहून निघालेला होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस बंद, त्यामुळे मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या सुरती कापसाला सोन्याचा भाव. रॅफल्स नावाच्या व्यापाऱ्याने विचेलहाऊस आणि मंडळींना १२५ गासड्या विकल्या. करार इंग्रजीत, दर पौंडाला किती पेन्स तेही पाव पेनीपर्यंत ठरलेलं, आणि माल मुंबईहून येणाऱ्या 'पीअरलेस' जहाजातून येणार हेही स्पष्ट लिहिलेलं. अडचण एवढीच होती की मुंबईहून निघणारी 'पीअरलेस' नावाची जहाजं दोन होती, एक ऑक्टोबरात सुटणारं आणि दुसरं डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात पहिलं, विकणाऱ्याच्या मनात दुसरं. भाव सतत वरखाली होत असताना दोन महिने म्हणजे चेष्टा नव्हे. निकाल घेणाऱ्याच्या बाजूने लागला. जहाजाच्या नावाचा अर्थ 'ज्याला जोड नाही असं', हा विनोद मात्र न्यायमूर्तींनी केलेला दिसत नाही. इंग्रजांच्या नजरेतून तो सुटला असावा.

याहून सरस प्रकरण कोंबडीचं. १९५७ साली एका स्विस कंपनीने न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडून गोठवलेल्या कोंबड्या मागवल्या. तारा बहुतेक जर्मन भाषेत गेल्या, पण 'चिकन' हा शब्द मुद्दाम इंग्रजीत ठेवला, कारण जर्मन शब्दात कोवळी आणि जून अशा दोन्ही कोंबड्या येतात म्हणून गैरसमज व्हायला नको! माल पोचला. वजन ठरल्याप्रमाणे होतं, पण मोठ्या वजनाच्या कोंबड्या जून निघाल्या, तासन्‌तास शिजवाव्या अशा. तळण्याजोग्या कोवळ्या कोंबड्यांची वाट बघणारा स्विस व्यापारी कोर्टात गेला आणि १९६० साली अमेरिकेतल्या एका नामांकित न्यायाधीशाला कोंबडी म्हणजे काय यावर सविस्तर निकाल लिहावा लागला. शब्दकोश झाला, सरकारी नियम झाले, धंद्यातल्या जाणकारांच्या साक्षी झाल्या. शेवटी स्विस व्यापारी हरला. कोल्हापूरकडच्या कुठल्याही खानावळवाल्याने पहिला प्रश्न विचारला असता, "रस्सा करायचाय का सुकं?" या प्रश्नात सगळा खटला मिटला असता. कारण तो कोंबडीची व्याख्या करत बसत नाही, ती कशी खाल्ली जाणार आहे ते विचारतो.

दुकानदारीत तर याची रेलचेल आहे. वॉलमार्ट १९९७च्या अखेरीस जर्मनीत शिरलं. तिथल्या पहिल्या प्रमुखाला जर्मन येत नव्हतं, तेव्हा वरिष्ठांच्या कारभाराची भाषा इंग्रजी ठरवून प्रश्न निकालात काढला गेला. मग अमेरिकेतला दारावरचा स्वागतकर्ता आला, हसऱ्या चेहऱ्याचा हुकूम आला, गल्ल्यावर सामान पिशवीत भरून देणारी मुलं आली. जर्मन गिऱ्हाइकाला हे सगळं संशयास्पद वाटलं. अनोळखी माणूस का हसतो आणि आपल्या बटाट्यांना तो हात का लावतो? २००६ साली वॉलमार्ट दुकानं विकून परत गेलं. याच्या उलट किशोर बियाणींचं बघा. २००१ साली बिग बझार काढताना त्यांनी धान्य उघडं ठेवलं, लोकांना त्यात हात घालू दिला, गर्दी आणि गोंगाट मुद्दाम राहू दिला. कारण चकचकीत, शांत दुकान दिसलं की आपला माणूस बाहेरूनच 'हे आपल्या खिशाचं नाही' म्हणून चप्पल वळवतो. पुढे बिग बझार कर्जात बुडालं ही गोष्ट वेगळी. तांदळात हात घालणाऱ्यांनी ते बुडवलं नाही.

आणि हे परदेशात गेल्यावरच होतं असंही नाही. अमेरिकेतल्या जेसीपेनी या जुन्या दुकानाने ॲपलची दुकानं नावारूपाला आणणाऱ्या रॉन जॉन्सन यांना प्रमुख म्हणून आणलं. त्यांनी २०१२ साली कूपनं, सेल, आज अर्ध्या किमतीत, उद्या आणखी स्वस्त, हा सगळा तमाशा बंद केला आणि रोजचा एकच रास्त भाव लावला. भाव प्रामाणिक, भाषा सोपी, दुकानदार अमेरिकन, गिऱ्हाईक अमेरिकन. वर्षभरात विक्री सुमारे पाव हिश्शाने घसरली आणि २०१३च्या एप्रिलमध्ये जॉन्सन घरी गेले. त्यानंतर कंपनीने चक्क माफी मागणारी जाहिरात केली. गिऱ्हाइकाला स्वस्त नको होतं, त्याला जिंकायचं होतं. लग्नाच्या साड्या घ्यायला निघालेल्या कुठल्याही मावशीने हे फुकट सांगितलं असतं. पण मावशींना सल्लागार म्हणून बोलवायचं तर त्यांना स्लाइड कुठे बनवता येते.

इथेच आपली तरुण मंडळी येतात, कारण त्यांच्याविषयीचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. आईवडील म्हणतात, या पोरांना घासाघीस येत नाही, स्क्रीनवर दिसेल तो भाव मोजतात. कंपन्याही इंग्रजीत तेच म्हणतात, फक्त वेगळ्या काळजीने. मुलगी ॲपवर चार कुर्ते निवडते, कार्टमध्ये टाकते आणि फोन बाजूला ठेवून जेवायला बसते. तिकडे कंपनीच्या कचेरीत 'कार्ट अबँडनमेंट' नावाचा आजार नोंदवला जातो, त्यावर बैठक बसते आणि 'तुम्ही काहीतरी विसरलात का?' असा व्याकुळ संदेश धाडला जातो. ती काहीही विसरलेली नसते. तुळशीबागेत भाव पटला नाही की तिची आई चार पावलं पुढे जाते आणि दुकानदाराच्या "अहो ताई, या, काय द्यायचं बोला" या हाकेची वाट बघते, तेच ती करत असते. दोन दिवसांनी १५ टक्के सवलतीचं कूपन येतं. हाक आली. आता ती परत वळते. घासाघीस जिवंत आहे, फक्त तिच्यातून आवाज गेला आहे. तीच कथा उधारीची. वाणी 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी लावून आयुष्यभर तिला दाराबाहेर ठेवत होता. ती 'बाय नाऊ, पे लेटर' हे नाव घेऊन पुढच्या दाराने आत आली, आणि पाटीत रोजच्या रोज पुढे ढकललेला 'उद्या' एकदाचा उजाडला.

यावर जाणकार म्हणतील, असं असेल तर व्यापारातून इंग्रजी काढूनच टाका की. तसं माझं म्हणणं नाही. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने १९३६ साली 'इनकोटर्म्स' नावाचे नियम काढले. माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम कुणाची, भाडं कुणाचं, विमा कुणाचा, हे 'एफओबी'सारख्या तीन अक्षरांत ठरतं आणि नाशिकची द्राक्षं पाठवणाराही त्यावर निश्चिंत झोपतो. ही इंग्रजी उपयोगी आहे याचं कारण ती इंग्रजी उरलेलीच नाही. तिच्यात सौजन्य नाही, उत्साह नाही, 'लुकिंग फॉरवर्ड' नाही. तिचा प्रत्येक शब्द कुणाच्या तरी बुडालेल्या पैशातून घडला आहे. आणि नियमांवाचूनही चालतं. अँटवर्पच्या हिरे बाजारात पालनपूरकडचे गुजराती जैन आणि ज्यू व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या समोरासमोर बसतात. सौदा ठरला की हातात हात देऊन 'मझल' म्हणायचं, हिब्रूतला नशिबाचा शब्द, आणि तो जैनही म्हणतो. झाला करार. दोघांपैकी कुणीही समोरचा आपल्यासारखा आहे असं मानत नाही, म्हणून प्रत्येक हिरा भिंगाखाली तीनदा बघितला जातो.

जपानचं उदाहरण कुणीतरी काढणारच. तिथल्या राकुतेन कंपनीने २०१० साली इंग्रजी ही कामाची भाषा ठरवली आणि उपाहारगृहातल्या पदार्थांच्या पाट्यासुद्धा बदलल्या. होंडाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी त्याला सरळ मूर्खपणा म्हटलं, आणि पाचच वर्षांत होंडानेही २०२०पर्यंत जगभरच्या शाखांशी इंग्रजीतच बोलायचं असं जाहीर केलं. म्हणजे भाषेचा निर्णय होतो, उलटतो आणि पुन्हा होतो. पण याच जपानमध्ये क्रेडिट कार्ड नसलेला तरुण आजही ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचे पैसे कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन रोख मोजतो. कंपनीने कुठल्याही भाषेत बैठक घेतली तरी गल्ल्यावर त्याच्या हातातली नोटच घ्यावी लागते.

राहिला शेवटचा आक्षेप: जगभरची तरुण पिढी आता एकसारखीच झाली, तेच फोन, तेच बूट, तीच रील, मग गैरसमज कसले? बूट एकसारखे आहेत हे मान्य. पण जर्मन तरुणी त्या बुटांची तीन मापं मागवून दोन बिनदिक्कत परत पाठवते आणि झालांडोसारखी कंपनी निम्मा माल परत येणार हे धरूनच हिशेब मांडते. आपल्याकडे २०१० साली फ्लिपकार्टने 'माल हातात, मग पैसे' ही सोय दिली, तेव्हा कुठे लोकांनी ऑनलाइन दुकानावर विश्वास टाकला. त्यासोबत दारात आलेलं खोकं बघून 'आता नको' म्हणायची सोयही आली. विक्रेत्यांच्या भाषेत अशा मालाला आरटीओ म्हणतात, म्हणजे मूळ जागी परत. (आपल्या ओळखीच्या आरटीओत एकदा गेलेला कागद असा परत येत नाही.) आणि चीनमध्ये २०२३च्या सप्टेंबरात तर सगळंच मायबोलीत घडलं. 'लिपस्टिकचा बादशहा' म्हणून गाजलेला ली ज्याछी थेट प्रक्षेपणातून ७९ युआनची भुवयांची पेन्सिल विकत होता. कुणीतरी लिहिलं, महाग आहे. हा उसळला: महाग कुठे आहे, इतकी वर्षं तुमचा पगार का वाढला नाही, नीट काम करता का, ते स्वतःला विचारा. स्वतः दुकानात लिपस्टिक विकत वर आलेला माणूस, समोर त्याच्याच देशातली, त्याच्याच भाषेतली, नोकरीने गांजलेली मुलं. त्याने रडत माफी मागितली. मुलांनी माफीकडे फारसं लक्ष न देता त्या ७९ युआनचं चलन करून टाकलं आणि घरभाडं, पगार, चहा, सगळं पेन्सिलींत मोजायला घेतलं.