डेडस्टॉकची खोली

आमच्या महाविद्यालयात प्रत्येक खोली कुणाची तरी असते. कुलूप गंजो, किल्ली हरवो, विभागप्रमुख निवृत्त होऊन कोथरूडला लेकाकडे राहायला जावोत, ताबा काही सुटत नाही. त्यामुळे महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला नॅकची पीयर टीम येण्याआधी विनावापर जागा शोधून त्या वापरात आणा, असं प्राचार्यांनी फर्मावलं, तेव्हा समितीत जायला कुणी धजेना. मराठी विभागाला काम कमी, या सर्वमान्य समजुतीनुसार अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं.

पहिली धाड खोली क्रमांक 14 वर. शिपाईमामांनी कुलपात गोडेतेल सोडलं, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि खांदा लावून दार उघडलं. आत मराठी टाइपरायटर, काच तडकलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर, कुठल्याशा स्नेहसंमेलनातला राजवाड्याचा पडदा (त्याच्या एका खांबावर कुणीतरी कॅन्टीनच्या उधारीचा हिशेब मांडलेला) आणि तीन पायांच्या खुर्च्यांचा ढीग.

"भंगारात काढू," मी म्हणालो. डेडस्टॉक रजिस्टर सांभाळणारे भाऊसाहेब दचकले. "सर, निर्लेखन झाल्याशिवाय इथली टाचणीसुद्धा हलत नाही." म्हणजे प्रस्ताव, पाहणी, मूल्यांकन, ठराव आणि तीन भंगारवाल्यांची सीलबंद दरपत्रकं. आमच्या गावात भंगारवाले दोनच, तेही सख्खे भाऊ, एकाच दुकानात बसणारे.

मला पुण्याचा हेवा वाटतो तो इथे. पेशवाई 1818 मध्ये बुडाली आणि 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरूसुद्धा झाली. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरसाहेबांच्या निवासस्थानात तर स्वातंत्र्यानंतर विद्यापीठच थाटलं. दुसऱ्या बाजीरावांनी डेडस्टॉक रजिस्टर ठेवलं नसावं, नाहीतर पाठशाळेचे विद्यार्थी अजून अंगणातच उभे असते.

सामान 15 मध्ये हलवलं. मग 15 विनावापर ठरली.

रिकाम्या झालेल्या 14 वर मात्र उड्या पडल्या. योगकेंद्र, इन्क्युबेशन सेंटर, भाषा प्रयोगशाळा, समुपदेशन कक्ष. प्रत्येकाच्या अहवालात ती खोली आधीच छापून गेली होती. शेवटी तोडगा मामांनी काढला. दारावर एक खिळा आणि चार पाट्या. टीम वरच्या मजल्यावर चहा घेत असताना खाली पाटी बदलायची. सतरंजी असली की योग, सतरंजीवर लॅपटॉप ठेवला की इन्क्युबेशन. समुपदेशनाला दार लोटून घेतलं की झालं.

खरी वापरातली जागा सापडली ती सायकल स्टँडमध्ये. सायकली केव्हाच गेल्या, पत्रे राहिले. खेड्यांवरून येणाऱ्या मुलांची एसटी सकाळी सातला पोचते, तास अकराला. मधल्या वेळात ही मुलं तिथे एमपीएससीचा अभ्यास करतात. बसायला विटा आणि सिमेंटची पोती, पाणी प्यायला शेजारचा बागेचा नळ, पत्र्याच्या खांबाला दोरीने बांधलेला भारताचा नकाशा. कोपऱ्यात मुली डबे उघडतात आणि ठेच्याच्या वासाने राज्यघटनेची कलमं पाठ करणाऱ्यांची लय बिघडते. ना समिती, ना ठराव, ना खर्च. मी हे भाबडेपणाने बैठकीत सांगितलं आणि घात झाला.

महिन्याभरात तिथे पेव्हर ब्लॉक बसले, पत्र्यांना निळा रंग लागला, 'मुक्त अध्ययन अवकाश' असा फ्लेक्स झळकला आणि त्याखाली सूचना लागली: 'उद्घाटन होईपर्यंत बसण्यास सक्त मनाई.' आमदारसाहेबांची तारीख मिळत नव्हती. मुलं पोती उचलून जिन्याखाली गेली. टीम आली त्या दिवशी त्यांनाच शोधून आणलं, धुतलेले शर्ट घालायला लावले आणि नैसर्गिकपणे वाचा, असं दरडावून सांगितलं.

राहिला प्रश्न 15 मधल्या सामानाचा. त्यावर ग्रंथपाल मॅडमनी जी युक्ती काढली, तिला तोड नाही. टाकून देता येत नसेल तर जतन करा! खोलीला 'वारसा दालन' म्हणायचं. टाइपरायटरवर लाल फीत, राजवाड्याचा पडदा पाठीमागे, मधोमध दोरी लावून एक तीन पायांची खुर्ची. पीयर टीमच्या अध्यक्षांनी तिच्याकडे बराच वेळ आदराने पाहिलं आणि ती कोणत्या थोर व्यक्तीची, असं विचारलं. प्राचार्य म्हणाले, "संस्थापकांच्या काळातली."

टीम गेल्यावर भाऊसाहेब रजिस्टर बगलेत मारून माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, जिन्याखाली एक पाय सापडलाय. त्याच खुर्चीचा दिसतोय. आता ती दुरुस्त दाखवायची, का संस्थापकांना चौथ्या पायाचं विचारून घ्यायचं?"