चूक इथे, बोंब तिथे

लाटेकमध्ये प्रबंध लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या हातात आपण काय ठेवतो? एक टेम्प्लेट. कुठल्या तरी सीनियरने आपल्या सीनियरकडून घेतलेली, सुरुवातीलाच पॅकेजेसची रांग लावलेली. त्यातलं कुठलं पॅकेज कशासाठी आहे, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. समीकरण कसं लिहायचं, तक्ता कसा काढायचा, संदर्भसूची कशी जोडायची, हे शिकवणारे भरपूर भेटतात. पडद्यावर लाल अक्षरं उमटली की ती वाचायची कशी, हे मात्र कुणी शिकवत नाही. मग प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री पोरं एकेक ओळ खोडून बघत बसतात. त्यांना आळशी म्हणू नका. शिकवणाऱ्यांनी टाळलेलं काम ती एकट्याने करत असतात.

हे संदेश अनाकलनीय का वाटतात, याला कारण आहे. डोनाल्ड क्नूथ यांना आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची छपाई पसंत पडली नाही, म्हणून त्यांनी स्टॅनफर्डला ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तिची पहिली आवृत्ती १९७८ची. १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर सोप्या आज्ञांचा एक मजला चढवला, तो लाटेक. आपण लिहितो वरच्या मजल्यावरच्या आज्ञा आणि अडल्यावर ओरड येते ती तळमजल्यावरून.

एक उदाहरण घ्या. शब्द ठळक करायला ‘टेक्स्टबीएफ’ ही आज्ञा दिली आणि शेवटचा महिरपी कंस चुकून रिकाम्या ओळीनंतर, पुढच्या परिच्छेदात पडला. यंत्र कंसापर्यंतचा सगळा मजकूर उचलतं, त्यात रिकामी ओळ सापडते आणि संदेश उमटतो: ‘रनअवे आर्ग्युमेंट?’ त्याखाली, ‘पॅराग्राफ एंडेड बिफोर टेक्स्ट@कमांड वॉज कम्प्लीट’. ‘टेक्स्ट@कमांड’ हे नाव त्या विद्यार्थ्याने जन्मात लिहिलेलं नसतं. ते लाटेकच्या पोटातलं नाव आहे. वर ओळीचा क्रमांक मिळतो तो कंस जिथे पडला त्या ओळीचा, रिकाम्या ओळीचा नव्हे. हा लाटेकचा दोष आहे आणि तो स्पष्ट म्हणायला हवा. जी आज्ञा वापरली, तिचंच नाव संदेशात यायला हवं होतं. एक गोष्ट मात्र क्नूथ यांच्या पदरात टाकली पाहिजे. रिकाम्या ओळीपाशी थांबण्याची सोय त्यांनी मुद्दाम ठेवली. ती ज्या आज्ञांना लागू असते, त्या एका हरवलेल्या कंसापायी उरलेला अख्खा प्रबंध गिळत नाहीत.

दुसरं उदाहरण तर रोजचं. मजकुरात फाइलचं नाव लिहिलं, त्यात अंडरस्कोर होता. संदेश: ‘मिसिंग $ इन्सर्टेड’. पोरं हे वाचतात आणि खरंच डॉलर घालतात! आधी एक, नंतर एक. तक्रार बंद होते. पण छापून काय येतं? फाइलचं नाव तिरप्या गणिती अक्षरांत, अंडरस्कोरनंतरचं एक अक्षर पायाशी लोंबकळलेलं. मुळात हवा होता अंडरस्कोरच्या आधी एक बॅकस्लॅश. झालं असं, की अंडरस्कोर हे टेकच्या लेखी गणिताचं चिन्ह. ते साध्या मजकुरात दिसल्यावर ‘हा डॉलर विसरला असावा’ असा यंत्राने अंदाज केला आणि स्वतःच डॉलर घालून ते पुढे गेलं. परिच्छेद संपला तरी गणित चालूच, म्हणून तिथे पुन्हा तोच संदेश. चूक एक, बोंबा दोन. संदेशात असतो तो यंत्राने केलेला तात्पुरता उपाय. रोग आपणच ओळखायचा असतो.

आणि तो ओळखता येतो. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्याखाली ओळीचा क्रमांक असतो आणि आपलीच ओळ मधोमध तोडून दाखवलेली असते: वाचलेला भाग वर, न वाचलेला खाली. त्या तुटीवर बोट ठेवा. तुटीच्या पुढचं यंत्राने अजून वाचलेलंच नाही, तेव्हा दोष तुटीपाशी किंवा तिच्या आधी. पुढे शोधण्यात एक मिनिटही घालवू नका.

पहिलाच संदेश वाचा, हे तर आधी सांगायला हवं होतं. ओव्हरलीफसारखे ऑनलाइन संपादक पहिल्या चुकीला न थांबता रेटत नेतात आणि शेवटी भलीमोठी यादी समोर टाकतात. त्यातल्या बऱ्याचशा तक्रारी पहिल्या चुकीची पिल्लं असतात. ओव्हरलीफमध्ये पहिल्या चुकीला थांबण्याचा पर्याय आहे. तो चालू करा. स्वतःच्या संगणकावर टेक प्रश्नचिन्ह दाखवून थांबतं, तेव्हा बहुतेक जण एंटर बडवत सुटतात. तिथे ‘एच’ दाबलं तर थोडी मदत मिळते, ‘एक्स’ दाबलं तर काम थांबतं. एका परिच्छेदाच्या आत १०० चुका झाल्या, की टेक स्वतःच काम सोडून देतं. काहीच सापडत नसेल, तर दस्तऐवज संपवणारी आज्ञा उचलून मध्यावर आणा. चूक गेली तर ती उत्तरार्धात, राहिली तर पूर्वार्धात. पुन्हा अर्धं करा. आठ वेळा अर्धं केलं की दोनशे पानांतलं एक पान हाती लागतं. आणि चूक सुधारूनही तीच तक्रार येत राहिली, तर ‘ऑक्स’ ही मदतनीस फाइल पुसून टाका. जुनी घाण बऱ्याचदा तिथे साठलेली असते.

‘ओव्हरफुल एचबॉक्स’, ‘बॅडनेस १००००’ वगैरे पाहून घाबरू नका. त्या सूचना आहेत, चुका नव्हेत. शेवटच्या प्रतीच्या वेळी बघा.

खरं भय आहे ते न बोलणाऱ्या चुकांचं. ‘उत्तीर्णांचे प्रमाण ६२% असून त्यात मुली अधिक आहेत’ असं वाक्य लिहिलं. टक्क्याचं चिन्ह म्हणजे लाटेकच्या लेखी ‘इथून पुढची ओळ माझ्यासाठी नाही’. त्या ओळीतला पुढचा सगळा मजकूर बिनबोभाट गायब. ना चूक, ना सूचना. ‘अँड’चं & हे चिन्ह चुकीच्या जागी पडलं तर निदान ‘मिसप्लेस्ड अलाइनमेंट टॅब कॅरेक्टर’ म्हणून बोंब तरी होते. टक्का मुकाट खातो. प्रबंधात आकडेवारी असेल, तर छापलेल्या प्रतीत प्रत्येक टक्का डोळ्यांनी तपासा.

मराठीत लिहिणाऱ्यांचं दुखणं याहून मोठं. नेहमीच्या पीडीएफलाटेकला देवनागरी मजकूर दिला, की ‘युनिकोड कॅरेक्टर क (यू+०९१५) नॉट सेट अप फॉर यूज विथ लाटेक’ अशा ओळींचा पाऊस पडतो. अर्थ इतकाच, की अक्षर ओळखलं, पण ते छापायची व्यवस्था नाही. हा संदेश निदान प्रामाणिक आहे. त्यावर कुणीतरी पीडीएफलाटेकऐवजी झीलाटेक हे यंत्र वापरायला सांगतं. तसं केलं आणि देवनागरी फॉण्ट नेमून दिला नाही, तर चुका थांबतात आणि छापलेल्या पानावर मराठीच्या जागी कोरी जागा येते. ‘मिसिंग कॅरेक्टर’ ही नोंद लॉग फाइलमध्ये असते, पण लॉग उघडतो कोण? फॉण्ट दिला, पण लिपी देवनागरी असल्याचं सांगितलं नाही, तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. तक्रार याही वेळी नाही. मराठी विभागातल्या किती जणांनी इथेच हात टेकून लाटेक सोडलं असेल, या विचाराने मला वाईट वाटतं, कारण उपाय दोन ओळींचा आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘शोभिका’ हा फॉण्ट मोफत मिळतो. त्यातली देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’वर आधारलेली आहे. तो नेमून द्या, लिपी देवनागरी असल्याचं सांगा आणि झीलाटेकने चालवा.

गाईड मंडळींना एक विनंती. पुढच्या वेळी विद्यार्थ्याला टेम्प्लेट द्याल, तेव्हा सोबत मुद्दाम मोडलेली एक फाइलही द्या: एक कंस कमी, एक उघडा अंडरस्कोर, एक मोकळा टक्का. तासभर शेजारी बसा आणि त्याच्याकडूनच ती दुरुस्त करून घ्या.