व्हिजिट लावली, तपासलं काय?

केमोच्या बिलात औषधाचा आकडा सगळ्यांत मोठा, म्हणून नातेवाइकांची नजर तिथेच अडते. त्या औषधाला निदान छापील किंमत असते. 2019 मध्ये केंद्राने कर्करोगाच्या 42 औषधांवरच्या व्यापारी नफ्याला 30 टक्क्यांची मर्यादाही घातली. माझं भांडण खालच्या छोट्या ओळीशी आहे: ‘व्हिजिट चार्जेस’.

स्तनाच्या कर्करोगातला एक नेहमीचा क्रम घ्या. आधी ‘एसी’ या औषधजोडीच्या 4 सायकल, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, 12 वेळा. म्हणजे डे केअरला 16 फेऱ्या. अनेक खासगी रुग्णालयांत सकाळी ओपीडीत डॉक्टर रिपोर्ट बघतात. ती फी काउंटरवर आधीच भरलेली असते. दुपारी सलाईन चालू असताना तेच डॉक्टर ‘काही त्रास नाही ना?’ एवढं विचारून पुढच्या खाटेकडे वळतात. संध्याकाळी बिलात त्याची वेगळी व्हिजिट लागते. केमो देण्याचे आणि डे केअरचे चार्जेस आहेतच. एकाच दिवसाच्या देखरेखीचे पैसे किती नावांनी घ्यायचे?

डॉक्टरांची फी रास्तच आहे. पांढऱ्या पेशी किती उतरल्या, प्लेटलेट्स पुरेशा आहेत का, तोंड आलंय का, बोटं बधिर होताहेत का, हे पाहूनच डोस पूर्ण द्यायचा, कमी करायचा की पुढे ढकलायचा हे ठरतं. त्या निर्णयावर जीव अवलंबून असतो. औषध चढताना रिअ‍ॅक्शन आली आणि डॉक्टर धावत आले, तर त्याचेही पैसे जरूर घ्यावेत. पण उभ्या उभ्या केलेली विचारपूस म्हणजे तपासणी नव्हे.

अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने याचा नियमच केला आहे. केमो देण्याच्या दरात जुजबी पाहणी धरलेली असते. त्याच दिवशी डॉक्टरांच्या भेटीचे वेगळे पैसे हवे असतील, तर ती तपासणी खरोखर वेगळी आणि ठळक होती हे नोंदीतून दिसावं लागतं. सर्वांत खालच्या श्रेणीची भेट, कोड 99211, केमोच्या जोडीला लावताच येत नाही. आपल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही डॉक्टरांची फी पॅकेजमध्येच असते. मग पदरचे पैसे मोजणाऱ्या रुग्णालाच हा न्याय का नाही?

महाराष्ट्राच्या 2021 च्या शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. दर कळला, त्या पैशांत काय केलं, हे बिलावरून अजूनही कळत नाही.

‘विमा आहे ना’ म्हणून गप्प बसू नका. ही रक्कम तुमच्याच विमा संरक्षणातून वजा होते, आणि केमोनंतर अनेकींची शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन बाकी असतं. तपशीलवार बिल मागा. प्रत्येक व्हिजिटसमोर डॉक्टरांचं नाव, वेळ आणि केस पेपरवरची नोंद विचारा. खुर्चीत बसलेल्या रुग्णाला भांडायचं त्राण नसतं. ते सोबत आलेल्याने करायचं.

आणि सरकारने 2021 च्या नियमांत एक ओळ वाढवावी: केस पेपरवर तपासणीची नोंद नसेल, तर व्हिजिटचे पैसे लावता येणार नाहीत.