चैत्रातला बर्फ

स्कीइंग शिकायचं तर कधी, असं मिल्टनमध्ये कुणालाही विचारा, तो म्हणेल जानेवारीत. असं सांगणारा एकतर इथेच जन्मलेला असतो किंवा विशीतला तरी असतो. ज्याने चाळिशी ओलांडली आहे आणि ज्याची बर्फाशी पहिली ओळख हिंदी सिनेमातल्या शिफॉनच्या साडीमुळे झाली आहे, अशा मराठी माणसाने मार्च संपत आल्याशिवाय डोंगराकडे फिरकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जानेवारीत उणे अठरात पडलं की पडल्याचं दुःख वेगळं आणि गारठल्याचं वेगळं. एप्रिलच्या तोंडावर पडलं की माणूस फक्त भिजतो. भिजायची आपल्याला सवय आहे.

आमचं मिल्टन टोरांटोच्या पश्चिमेला, 401 महामार्गाला चिकटून वसलेलं. 2001च्या जनगणनेत इथे 31,471 माणसं होती, 2021मध्ये ती 1,32,979 झाली. मधल्या काळात जी लाखभर माणसं आली त्यांत आम्हीही. गावात कढीपत्ता ताजा मिळतो, मुलांचं क्रिकेट जोरात चालतं आणि मार्चच्या मध्याला व्हॉट्सअॅपवर गुढीच्या काठीची चौकशी सुरू होते. आमच्या घरी एका पाडव्याला स्कीची काठी उभी केली होती. त्या काठीचा तोवर झालेला तो सर्वांत यशस्वी उपयोग.

गावाच्या कडेला नायगारा एस्कार्पमेंटचा कडा आहे. नायगारा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो तोच हा कडा. ओंटारिओत तो सव्वासातशे किलोमीटर पसरला आहे आणि 1990 साली युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. त्याच्याच उतारावर, केल्सो तलावाच्या वर, ग्लेन ईडन नावाची स्कीची टेकडी आहे. हॅल्टनचं पाणलोट क्षेत्र सांभाळणारी कॉन्झर्वेशन हॅल्टन ही संस्था ती चालवते. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतार सुमारे 73 मीटर. आमच्या गटातले कोल्हापूरकर पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा हात कमरेवर ठेवून म्हणाले, ‘‘डोंगर कुठं हाय?’’ पन्हाळ्यावर धावत चढणारा माणूस तो. पण सह्याद्रीत सगळं कौतुक वर जाण्याचं असतं. उतरणं हा जेवणाआधीचा कंटाळा. इथे वर न्यायला यंत्र, आणि पैसे मोजायचे ते खाली येण्याचे. हे त्यांना कळेपर्यंत ते कडेच्या नारिंगी जाळीत जाऊन पोचले होते. खाली 401वरून ट्रक जात होते. त्यातल्या एकाने भोंगा वाजवला, तो आमच्यासाठीच होता असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

या टेकडीवरचा बराचसा बर्फ यंत्राने केलेला. हवा उणे दोनच्या खाली गेली की दाबाची हवा आणि पाणी एकत्र फवारायचं, खाली पडेपर्यंत त्याचा बर्फ होतो. मार्चमध्ये अशा थंड रात्री कमी होत जातात, आणि मग दोन्ही बाजूंना तपकिरी गवत व मधे पांढरा पट्टा असं दृश्य दिसू लागतं. ईस्टर येईपर्यंत इथलं बहुधा आटोपलेलं असतं. तेव्हा आम्ही उत्तरेला कॉलिंगवूडकडे, ब्लू माउंटनला जातो. हाच एस्कार्पमेंट तिथे 220 मीटर उंच होऊन भेटतो. चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या जोझो वायडर नावाच्या माणसाने 1941 साली तिथे स्कीइंग सुरू केलं. परक्या देशात येऊन आपल्या गावचा खेळ रुजवणारी ही माणसं मला आवडतात. आम्ही अजून लगोरीही रुजवू शकलेलो नाही.

ईस्टर आपल्या सणांसारखाच तिथीवर चालतो, हे मला इथे आल्यावर कळलं. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. त्यामुळे तो 22 मार्चपासून 25 एप्रिलपर्यंत कुठेही पडतो आणि त्याच्या आसपास संकष्टी घोटाळत असतेच. गुड फ्रायडेला ओंटारिओत सार्वजनिक सुट्टी. ईस्टर मंडेला मुलांना असते, नवऱ्याच्या कंपनीला नसते. तो त्या दिवशी ‘घरून काम’ करतो, म्हणजे लॅपटॉप उघडा ठेवून पोटरीला बाम चोळतो.

तर गुड फ्रायडेच्या सकाळी शेजारी अंगणातली पानं गोळा करताहेत, कुणी बार्बेक्यूची शेगडी घासतंय, झाडांवर रॉबिन ओरडताहेत, आणि आम्ही गाडीच्या टपावर स्की बांधून निघालो. शेजारच्या आजोबांनी हातातला दाताळ थांबवून आमच्याकडे पाहिलं. कॅनडियन माणूस सहसा कुणाला ‘वेड लागलंय का’ असं विचारत नाही. तो ‘शुभेच्छा’ म्हणतो.

दोनेक तासांचा रस्ता. ऑरेंजव्हिल गेलं, शेलबर्नपुढे पवनचक्क्या दिसू लागल्या, शेतांच्या कडेला बर्फाचे मळके ढीग. एका गाडीत आम्ही आणि डोंबिवलीकर जोडपं, दुसरीत नागपूरकर आणि कोल्हापूरकर. नागपूरकर भाऊजींनी कुठेतरी वाचलं होतं की नॉर्वेत ईस्टरला अख्खा देश स्की घेऊन डोंगरात जातो, आणि बरोबर संत्री, चॉकलेट व गुप्तहेरकथा नेतो. हे खरंच आहे. नॉर्वेत ईस्टरला रहस्यकथा वाचायची प्रथा 1923पासूनची. भाऊजींना त्यातलं एकच कळलं. त्यांनी दोन पेट्या संत्री घेतली. ‘‘ते लोक आपल्यावरूनच शिकले असतील बाप्पा,’’ असं ते वाटेत चार वेळा म्हणाले. संत्री स्पेनची होती.

भाड्याने स्की घ्यायच्या दुकानात खरी परीक्षा असते, डोंगरावर नव्हे. तिथे एक कागद भरावा लागतो. वय, उंची, वजन. मग स्वतःला किती नंबरचा समजता ते: एक म्हणजे जपून चालणारा, दोन म्हणजे मधला, तीन म्हणजे बेधडक. हा चौकशीचा खेळ नाही. बूट स्कीला ज्या कड्यांनी धरलेला असतो त्या किती जोरात ओढल्यावर सुटाव्यात, ते या आकड्यांवरून ठरवतात. पडल्यावर स्की वेळेवर सुटली तर गुडघा वाचतो. म्हणजे ज्या बाईने विवाहमंडळाच्या फॉर्मपासून जिमच्या फॉर्मपर्यंत कुठेही खरं वजन लिहिलेलं नाही, तिच्यावर कॉलिंगवूडमध्ये ही वेळ येते, तीही सगळ्या मित्रमंडळींच्या देखत, आणि काउंटरवरचा अठरा वर्षांचा पोरगा मोठ्याने विचारतो, ‘‘किलो की पौंड?’’

डोंबिवलीकर मैत्रिणीने लग्नातलं वजन लिहिलं. परिणाम असा की तिच्या कड्या इतक्या सैल बसवल्या गेल्या की तिला शिंक आली तरी स्की सुटायची. कोल्हापूरकरांनी प्रकाराच्या चौकटीत तीन लिहिलं. त्यांच्या कड्या सुटल्याच नाहीत. ते दोन्ही स्की, दोन्ही काठ्या आणि स्वाभिमान यांच्यासकट एकत्रच खाली यायचे. मी खरं वजन लिहिलं आणि कागद पालथा करून दिला. नवऱ्याने तो सरळ करून वाचला. त्या रात्री भांडी त्याने घासली.

चेअरलिफ्टबद्दल डोंबिवलीकरांचा दावा असा होता की आयुष्यभर 8.21ची लोकल पकडलेल्या माणसाला फिरत्या खुर्चीत काय चढायचं. पण चेअरलिफ्टला चढायचं नसतं. रेषेवर गप्प उभं राहायचं, खुर्ची मागून येते, आपण बसायचं. आणि गाडीत बसायला मिळतं ही गोष्टच या दोघांच्या शरीराला ठाऊक नाही. खुर्ची आली तसे दोघं झेप घेऊन तिच्यावर उभे राहायला गेले. यंत्र थांबवावं लागलं. पुढेमागे हवेत लटकलेल्या सगळ्या खुर्च्यांवरून लोक शांतपणे त्यांच्याकडे बघत होते.

आता त्या बर्फाविषयी. वसंतातला बर्फ रात्री गोठतो आणि दिवसा वितळतो. असं काही दिवस चाललं की त्याचे बारीक स्फटिक एकमेकांना धरून मोठे, गोलसर दाणे होतात. इथले लोक त्याला कॉर्न स्नो म्हणतात, पण त्यात मका कुणी पाहिला मला माहीत नाही. तो सरळसरळ साबुदाणा आहे. सकाळी साडेआठला न भिजलेला: टणक, खडखडीत, वर काच आल्यासारखा, त्यावर स्की टेकवली की दात वाजतात. साडेदहाच्या सुमाराला ऊन लागून वरचा थर भिजतो, दाणा दाणा मोकळा होतो, आणि तेवढा दीड-दोन तास जगात याहून चांगलं काही नसतं. वळायचं म्हटलं की स्की आपोआप वळते. थांबायचं म्हटलं की थांबते, हे तर आमच्यापैकी अनेकांनी पहिल्यांदाच पाहिलं. दुपारी दोननंतर पाणी जास्त होतं आणि सगळ्याचा गिच्च गोळा. स्की त्यात रुतते, माणूस मात्र आपल्या वेगाने पुढे जातो.

नागपूरकर वहिनींनी स्कीइंगचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. त्या सकाळी हातमोजा काढायच्या, चिमूटभर बर्फ अंगठ्याखाली दाबायच्या आणि सांगायच्या, ‘‘अजून वीस मिनिटं.’’ त्या ‘झालं’ म्हणाल्या की आम्ही निघायचो. पूर्वेकडचा उतार आधी मऊ होतो, सूर्य वळेल तसं पुढच्या उतारावर सरकायचं, हेही त्यांनी स्वतःचं स्वतः शोधलं. शनिवारी दोन अनोळखी कॅनडियन मुलगे त्यांच्या मागे उभे राहून निकालाची वाट बघत होते.

लहान मुलांना इथे स्कीची पुढची टोकं जोडून वेग कमी करायला शिकवतात, त्याला ‘पिझ्झा’ म्हणतात. स्की समांतर केल्या की ‘फ्रेंच फ्राइज’. आमच्या मुलांनी हे पाच वर्षांचं असताना शिकून घेतलं. आता ती उताराच्या मध्यावर वळून उभी राहतात आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडतात, ‘‘आई, पिझ्झा! पिझ्झा!!’’ बघणाऱ्यांना वाटतं बाई पोरांना उपाशी ठेवते.

खरं तर उपाशी मीच होते, कारण रविवारी संकष्टी. दुपारी पार्किंगमध्ये सगळ्यांच्या डिक्या उघडल्या. वसंतात इथे ही रीतच आहे: घडीच्या खुर्च्या, छोट्या शेगड्या, टी-शर्टवर बसलेली माणसं, पायात अजून तेच जड बूट. काही डोंगरांवर या दिवसांत पाण्याचं डबकं करून त्यावरून स्कीने पलीकडे जायची स्पर्धा ठेवतात. बहुतेक जण मधेच बुडतात, आणि लोक टाळ्या वाजवतात ते बुडणाऱ्यांनाच. रंगपंचमी हुकल्याचं दुःख अशा ठिकाणी कमी होतं. शेजारच्या डिकीत सॉसेज भाजत होते, आमच्यात खिचडी, थर्मासचा चहा आणि संपता न संपणारी संत्री. आम्ही त्यांना संत्री दिली, त्यांनी आम्हाला मोहरीची बाटली. ती कशासाठी ते आम्हाला उमगलं नाही, पण परत कशी करणार? ती अजून फ्रिजमध्ये आहे.

उपास सोडायचा तर चंद्र लागतो. कॉलिंगवूडला त्या रात्री तो अकराच्या पुढे उगवणार होता. बाकीचे जेवून आडवे झाले, कुणाची पाठ, कुणाची कंबर, आणि मी पायऱ्यांवर बसून जॉर्जियन बेकडे बघत बसले. नवरा आतून दर दहा मिनिटांनी विचारत होता, ‘‘आला का?’’ ढग होते. शेवटी फोनवर चंद्रोदयाची वेळ उलटून गेली तेव्हा गणपतीला कॅनडियन हवामान समजावून सांगितलं आणि वरणभात जेवले.

बर्फ उन्हातली अतिनील किरणं परत फेकतो, ताजा असेल तर 80 टक्क्यांपर्यंत. म्हणजे ऊन वरूनही लागतं आणि खालूनही. गॉगलखालचा भाग गोरा आणि नाकापासून खाली बटाटेवड्याचा रंग, असे आम्ही सोमवारी मिल्टनला परतलो. व्हिडिओ कॉलवर आईने आधी फोन पुसला, मग चष्मा पुसला, मग म्हणाली, ‘‘अगं, कॅनडात राहतेस ना? काळवंडलीस कशी?’’ बर्फावर ऊन लागलं म्हटलं तर तिचा विश्वास बसेना. बाबांना मागून बोलावलं. तेही म्हणाले, खोटं बोलू नकोस, शेतावर कामाला जातेस का?

2027 साली गुड फ्रायडे 26 मार्चला आहे, म्हणजे बर्फ असण्याची शक्यता बरी. यायचं असेल त्यांनी होळीच्या आत कळवावं. स्की, बूट, काठ्या तिथे भाड्याने मिळतात. गुडघे आपापले आणावेत, आणि वजन खरं लिहावं.