रंकाळ्यावरचे आबा

रंकाळ्यावर पहाटे कानटोपी, स्वेटर, लेंगा आणि खाली कॅनव्हासचे बूट अशा अवतारात, काठी टेकवण्यापेक्षा फिरवण्यासाठीच जास्त वापरत जो येतो, त्याला आबा म्हणायचं. सहकारी बँकेतून नाहीतर हायस्कुलातून निवृत्त झालेला, सत्तरीच्या अलीकडेपलीकडे, आणि शुगर 'बॉर्डरवर'. ही बॉर्डर गेली बारा वर्षं हललेली नाही. कोल्हापुरात पेठेगणिक असे आबा सापडतात.

चालायला डॉक्टरांनी सांगितलंय, हे आबा दिसेल त्याला ऐकवतात. डॉक्टरांनी त्याच दमात भातही कमी करायला सांगितला होता. तेवढं आबांना ऐकू आलं नाही.

चौपाटीपासून शालिनी पॅलेसच्या दिशेनं जायचं आणि परत यायचं, हा नेम. वेग मात्र विषयावर ठरतो. उसाच्या दराला आबा झपाझप चालतात. सुनेचा विषय निघाला की पावलं आणि आवाज दोन्ही मंदावतात. आणि गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीला आबा जागीच उभे राहतात, कारण त्या विषयाला दोन्ही हात मोकळे लागतात. पावसाळ्यात सगळं बदलतं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी. आबांच्या चालण्याची इशारा पातळी चार थेंब.

पुण्याच्या मुलानं पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. रोज दहा हजार पावलं, असा हुकूमही सोबत आला. आबांना लवकरच शोध लागला की भजनात टाळ वाजवले तरी घड्याळ पावलं मोजतं. एकादशीला आबा मांडी न मोडता चार हजार चालले. पुढं फिजिओथेरपी शिकणाऱ्या पुतणीनं सांगितलं, की दहा हजारांचा आकडा कुणा डॉक्टरानं काढलेला नाही; १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, तेव्हापासून तो रूढ झाला. शिवाय २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या बायकांचा अभ्यास झाला. त्यात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येसुद्धा मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढं फारसा फरक दिसला नाही. आबांनी त्याच दिवशी अडीच हजार पावलं कापली. अभ्यास बायकांचा होता, ही बारीक अडचण त्यांनी मनावर घेतली नाही.

आबांच्या घरच्या माई मात्र रोज अंबाबाईला चालत जातात आणि येताना भाजीच्या दोन पिशव्या घेऊन येतात. त्यांना घड्याळ कुणी पाठवलेलं नाही.

म्हाताऱ्या माणसाचं चालणं इच्छाशक्तीवर चालतं, हा तरुणांचा समज. साठीनंतर माणसाचा नकाशा मुतारीपासून सुरू होतो. ती उघडी असेल त्या बाजूला आबा वळणार, कुलूप असेल तर फेरी अर्धीच. फरशी उचकटलेली असली की रस्ता बदलला. मोकाट कुत्री बसली असली की काठी एकदम टेकायला लागते. आणि बाक! बाक दिसत राहिला तर आबा चालतात. बसायला मिळणार हे ठाऊक असलं की पाय उचलतो.

पण आबांच्या चालण्याचं खरं कारण म्हणजे सोबतीचे तात्या. "तात्या, चला की!" ही हाक दारातून गेली नाही, तर आबा उंबरा ओलांडत नाहीत. तात्या महिनाभर लेकीकडे ठाण्याला गेले, त्याच आठवड्यात आबांचा गुडघा धरला. मलम झालं, शेक झाला, एक्स-रेही झाला. तात्या परतले त्या पहाटे गुडघा आपोआप सुटला, आणि दोघं रंकाळा सोडून थेट गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेले. शुगर अजून बॉर्डरवरच आहे.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या लेकरांनो, आबांना आणखी घड्याळं पाठवू नका. तात्यांना मात्र आठवड्याच्या वर मुक्कामाला ठेवून घेऊ नका.