दोस्त घरचं विचारते काय?

"मंग लिहिली काय त्या पोट्ट्यानं चिठ्ठी मालकिणीले?" मावशींनी कुंपणापलीकडून विचारलं. हातात उशीची खोळ, अन् ती झटकणं चालूच. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कोळशावरचे 210 मेगावॅटचे चार संच, वर 500 चा पाचवा. वारा आमच्या लाइनीकडे फिरला की राख येते; दोरीवरचे कपडे आधी झटकायचे, मग घडी.

पोट्टा म्हणजे मार्क ट्वेनचा हकलबरी फिन. दारुड्या बापाचा, पक्का शाळाचुकार. गोष्ट निघाली मावशींच्या नातवावरून. शाळा सुटली की तो पंक्चरवाल्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसतो, अन् मावशींना ती जोडी पटत नाही. "जोडीचे पोट्टे मेले काय?" असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी सांगितलं की असल्या विजोड जोड्यांवर अमेरिकेत नावाजलेल्या लेखकांनी पुस्तकं लिहिलीत. तेव्हापासून मागे लागल्यात.

"लिहिली," मी म्हटलं. "पळालेला गुलाम जिम इथं आहे, माणूस पाठवा, असं मिस वॉटसनला लिहून काढलं. मग आठवलं, तराफ्यावर आपली पाळी आली तरी जिम आपल्याला उठवत नसे, स्वतःच पहारा करायचा. फाडून टाकली चिठ्ठी."

"शाबास!"

"अन् फाडताना त्याला खात्री होती की आता आपण नरकात जाणार. गुलामाला पळवणं म्हणजे मालकाची चोरी, हेच त्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्याआधी एकदा धुक्यात चुकामूक झाली होती, तर 'तुला स्वप्न पडलं' म्हणून त्यानं जिमची टर उडवली. जिमला लागलं ते. मग माफी मागायला मनाची तयारी करता करता पोराची पंधरा मिनिटं गेली."

"पंधरा मिन्टंच? आमच्या घरच्यायले पंधरा वर्सं झाले, अजून मागतली नाई."

जॉन स्टाइनबेकचे जॉर्ज आणि लेनी मात्र मावशींनी उभेच केले नाहीत. 1937 ची छोटी कादंबरी. एक हुशार, एक अंगानं दांडगा पण बुद्धीनं लेकरू, दोघंही मळ्या-मळ्यांवर मजुरी करत फिरणारे. शेवटी जॉर्ज लेनीला गोळी घालतो, एवढं ऐकलं अन् संपलं. झुंड मारायला येत होती, तिच्या हाती सापडू नये म्हणून त्यानं घातली, हे मी दोनदा सांगितलं. "कायीही असो. त्याले दोस्त म्हणता तुमी?" मी आवरतं घेतलं. वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण ते पुस्तक मिटल्यावर मलाही तसंच वाटलं होतं.

मग पुलंच्या मराठीतली काढली. 'एका कोळियाने', म्हणजे हेमिंग्वेचा म्हातारा सांतियागो आणि पोरगा मानोलिन. चौऱ्याऐंशी दिवस म्हाताऱ्याला मासा नाही. चाळीस दिवस झाले तेव्हाच आईबापांनी पोराला दुसऱ्या होडीवर लावलेलं. तरी संध्याकाळी तो झोपडीत येतो, विचारतो, खायला काय आहे? म्हातारा म्हणतो, पिवळा भात आहे, मासा आहे. भात नसतो. भाताचं भांडंसुद्धा नसतं. पोराला ते माहीत असतं, तरी रोज हेच बोलणं.

मावशींचं झटकणं थांबलं. "आमचे हे सिल्लेवाड्याच्या खाणीत होते ना, तवा यांच्या संगं एक छत्तीसगडचा होता. त्याचा डबा हलका दिसला का हे म्हणत, आज बुढीनं माह्या डब्यात लयच भरून देल्लं, खा बाप्पा. मी त देल्लं होतं दोनच भाकरी."

म्हणून मग आपली 'बनगरवाडी' सांगितली. व्यंकटेश माडगूळकरांची, 1955 ची. अमोल पालेकरांचा सिनेमा मावशींनी टीव्हीवर अर्धा पाहिलेला. मिसरूड फुटलेला मास्तर अन् त्याचे दोस्त कोण, तर धनगरांचा म्हातारा कारभारी अन् चोऱ्या करणारा आनंदा रामोशी. हक आणि जिमला निदान नदी होती, गाव मागे टाकता आलं. मास्तरला सगळं गावाच्या डोळ्यांदेखत निभवायचं. कारभाऱ्याच्या लेकीच्या चोळीवरून म्हातारा बिघडतोच.

"बिघडनच ना बाप्पा. अन् तुमच्या त्या जिमचं काय झालं शेवटी?"

मी सांगितलं. जिमला पकडून कोंडतात. टॉम सॉयर नावाचा हकचा मित्र येतो, सुटकेचा भला मोठा खेळ मांडतो, भुयार काय, उंदीर काय, साप काय. अन् मिस वॉटसन मरताना जिमला मोकळं करून गेली, हे त्या टॉमला पहिल्यापासून माहीत! हेमिंग्वेनं या पुस्तकाला डोक्यावर घेतलं, पण जिम पकडला जातो तिथंच वाचणं थांबवा, असंही लिहून ठेवलं. माझं मत तेच.

"अन् त्याचे बायको-लेकरं?" मावशींनी विचारलं. काल मी त्यांना जिमच्या मुलीचं सांगितलं होतं: दार लाव म्हटलं तर लावत नाही म्हणून जिमनं तिला मारलं, अन् मग कळलं, तापानं ती बहिरी झाली होती. तराफ्यावर हे सांगून जिम रडला होता. "ते भेटले काय त्याले?"

"पुस्तकात नाही काही."

"नाई म्हणजे? पैसे जमवून त्यायले सोडवतो म्हणे ना तो?"

"म्हणायचा. शेवटच्या पानावर हक निघतो पश्चिमेकडे."

"अन् त्यानं इचारलं नाई? बह्यऱ्या पोरीचं बी नाई?"

"नाही विचारलं."

"बेकार हाय पोट्टं," म्हणून मावशींनी खोळ पुन्हा झटकली.