प्लेचं बटण आणि पानशेतचा पूर

प्रस्तुत लेखकाला नातेवाइकांत ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ म्हणून मान आहे. मान टिकवायचा तर सामानही तोलामोलाचं हवं, म्हणून त्याने पुण्यातल्या तपकीर गल्लीतून मल्टिमीडिया कीबोर्ड आणला. वरच्या रांगेत प्ले, पुढचं, मागचं, आवाज. एक बोट उचललं की जग गप्प, असा एकंदर थाट.

जग गप्प बसायला तयार होतं. आधी कुणी बसायचं यावर अडलं.

विंडोजचा जुना नियम असा: जो प्रोग्रॅम आधी ‘हे बटण माझं’ अशी नोंद करील, बटण त्याचं, मागून येणाऱ्याला नकार. म्हणजे स्वारगेटला एसटी लागताच खिडकीतून टाकलेला रुमालच. या रुमालाची थोरवी लेखकाला फार. पिशवीने धरलेली जागा कच्ची, कारण पिशवी उचलून मांडीवर देता येते. पेपर ठेवला तर कुणीही वाचायला घेतं. रुमालाला मात्र हात लावायला कुणी धजत नाही. त्याने आधी काय पुसलंय, कुणास ठाऊक! जेजुरीच्या गाडीत लेखकाने असा एक रुमाल पाहिलाय, ज्याचा मालक थेट सासवडला चढला. मधला प्रवास रुमालाने एकट्याने केला.

पुढे ही शिस्त मोडली. मार्च २०१९मध्ये क्रोमच्या ७३व्या आवृत्तीला ही बटणं कळू लागली आणि गाण्याच्या प्रोग्रॅमशेजारी ब्राउझरमधले व्हिडिओही हक्क सांगू लागले. मॅकवर काहीच चालू नसताना प्ले दाबलं, तर न बोलावता आयट्यून्स हजर व्हायचं. लिनक्सवर एमप्रिस नावाची सामाईक व्यवस्था आहे. वाजवणारे सगळे तिथे हजेरी लावतात, पण बटण दाबल्यावर ‘ओ’ कुणी द्यायची हे ती डेस्कटॉपवर सोडते. हल्ली सहसा शेवटी बोलेल त्याचं बटण.

हा नियम लेखकाला झोंबतो. त्याने आत्याचं बोलणं रेकॉर्ड केलंय आणि ते तो लिहून काढतोय. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा ती नारायण पेठेत राहत होती. आता ऐंशी ओलांडलेली. सावकाश, आठवत आठवत बोलते. वाक्य टिपायला लेखक बटण दाबतो, तर मागच्या कुठल्याशा टॅबमध्ये नुकतीच बोलून गप्प झालेली गुंतवणुकीची जाहिरात सुरू होते, आणि आत्या तिच्याखालून बोलतच राहते. घरातही तिचं असंच व्हायचं. पंगतीत ती पुराचं सांगायला लागली की कुणी पेट्रोलचा भाव काढायचं, कुणी मुलाचं पॅकेज. ‘असो’ म्हणून ती वरण वाढायला उठायची. पूर कधी शनिवारवाड्याच्या पुढे सरकलाच नाही.

शेवटी लेखकानेही रुमाल टाकला. लिहून काढायच्या प्रोग्रॅममध्ये प्लेसाठी एफ-४ हे बटण नेमलं, तेही अख्ख्या कॉम्प्युटरभर, दुसरी कुठलीही खिडकी उघडी असो.

सोसायटीच्या खजिनदारपदाचा मानही त्याच्याकडेच आहे. एक्सेलच्या सूत्रात सेल पक्का करणारं डॉलरचं चिन्ह एफ-४नेच येतं. परवा कमिटीसमोर, लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडून, टँकरच्या खर्चाच्या रकान्यात त्याने ते ऐटीत दाबलं. डॉलर आला नाही, आत्या आली. ‘पाणी वाढतच होतं,’ ती म्हणाली. चेअरमननी टँकरची बिलं पुन्हा तपासायला मागितली.